निकामी होत चाललेल्या बाह्य हार्ड डिस्कमधील माहितीची पुनर्प्राप्ती : एक विवेचन

गोषवारा

महाविद्यालयीन प्राध्यापकांचे संशोधन, अध्यापन व प्रशासन यांसंबंधीची बहुतांश माहिती आज बाह्य हार्ड डिस्कवर साठविलेली असते. ही डिस्क बिघडू लागली असता वापरकर्ता घाईने जे पहिले पाऊल उचलतो, त्यावर माहिती परत मिळणे वा न मिळणे अवलंबून असते. डिस्कची रचना, बिघाडाचे प्रकार, पुनर्प्राप्तीचा योग्य क्रम आणि कोल्हापूरसारख्या पूरप्रवण शहरात घ्यावयाची विशेष दक्षता यांचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

बीजसंज्ञा : बाह्य हार्ड डिस्क, बॅड सेक्टर, प्रतिमाप्रत, स्मार्ट नोंदी, पूर, बॅकअप.

प्रस्तावना

बाबूराव पेंटर यांनी १९१७ साली कोल्हापुरात महाराष्ट्र फिल्म कंपनी स्थापन केली. या कंपनीच्या मूकपटांचे उल्लेख चित्रपटाच्या इतिहासात आदराने केले जातात. परंतु त्यांपैकी बहुतेक चित्रपट आज पाहावयास मिळत नाहीत. कलाकृती थोर असली तरी ती ज्या माध्यमावर टिकून असते ते माध्यम नाशवंत असते, हा धडा या शहराने फार पूर्वीच घेतला आहे. आज तोच प्रश्न निराळ्या रूपाने आपल्या टेबलावर आला आहे. क्षेत्रभेटींतील ध्वनिमुद्रित मुलाखती, पुरालेखागारातील मोडी कागदांची छायाचित्रे, पाच वर्षे खपून भरलेल्या प्रश्नावल्या, मूल्यांकनासाठी जमविलेली कागदपत्रे, हे सर्व तळहातावर मावणाऱ्या एका पेटीत असते. पुष्कळदा त्याची दुसरी प्रत कोठेही नसते.

उद्दिष्टे

१) हार्ड डिस्क कशी व का बिघडते हे समजून घेणे.
२) बिघाडाच्या लक्षणांवरून योग्य उपाय निवडणे.
३) माहिती परत मिळविण्याचा सुरक्षित क्रम स्पष्ट करणे.
४) पुराच्या संदर्भात प्रतिबंधक उपाय सुचविणे.

हार्ड डिस्कची रचना

हार्ड डिस्कची सुरुवात १९५६ साली आयबीएम कंपनीच्या रॅमॅक यंत्रापासून झाली. त्यात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या आणि त्यांची एकूण क्षमता सुमारे ५ मेगाबाइट होती. आजच्या अडीच इंची डिस्कमध्ये एक-दोन टेराबाइट माहिती सहज मावते. मूळ तत्त्व मात्र तेच आहे. चुंबकीय थर दिलेल्या तबकड्या वेगाने फिरतात, बहुतेक बाह्य डिस्कमध्ये हा वेग मिनिटाला सुमारे ५४०० फेरे इतका असतो. तबकडीपासून काही नॅनोमीटर उंचीवर तरंगणारी हेड माहिती वाचतात व लिहितात. धुळीचा एक कणही या अंतरापेक्षा कितीतरी मोठा असतो. म्हणूनच डिस्कचे झाकण घरी उघडणे घातक ठरते.

तबकडीवरील जागा ‘सेक्टर’ नावाच्या लहान खणांत विभागलेली असते. कोणती फाईल कोणत्या खणात आहे याची नोंद फाईल प्रणाली ठेवते. ग्रंथालयातील तालिका हरवली तरी पुस्तके मांडणीवर जागच्या जागी असतात. त्याचप्रमाणे फाईल प्रणाली बिघडली तरी मूळ माहिती तबकडीवर शिल्लक असू शकते. पुनर्प्राप्तीची शक्यता या वस्तुस्थितीतून निर्माण होते.

बिघाडाचे प्रकार व लक्षणे

१) तार्किक बिघाड : डिस्क सुरळीत फिरते, आवाज नेहमीचा असतो, परंतु संगणक ‘डिस्क फॉरमॅट करावयाची आहे काय?’ असे विचारतो. येथे बहुधा तालिका बिघडलेली असते. या प्रश्नाला ‘होय’ असे उत्तर कधीही देऊ नये.

२) जोडणीतील बिघाड : केबल, यूएसबी जोड अथवा पेटीतील छोटे सर्किट नादुरुस्त होते. दुसरी केबल व दुसरे पोर्ट वापरून पाहणे हा पहिला आणि निर्धोक उपाय होय. काही बाह्य डिस्कमध्ये यूएसबी जोड मुख्य सर्किटवरच बसविलेला असतो, तर काहींमध्ये माहिती याच सर्किटद्वारे सांकेतिक रूपात साठविली जाते. तेथे केवळ पेटी बदलून उपयोग होत नाही. त्याच मॉडेलचे दुसरे सर्किट आणून बसविणेही पुरेसे ठरत नाही. कारण प्रत्येक डिस्कची स्वतःची जुळवणी सर्किटवरील चिपमध्ये नोंदलेली असते.

३) बॅड सेक्टर : फोल्डर उघडण्यास फार वेळ लागतो, नक्कल करताना संगणक अडखळतो, काही फाईल वाचता येत नाहीत.

४) यांत्रिक बिघाड : डिस्कमधून ठराविक अंतराने ‘टक् टक्’ असा आवाज येतो, किंवा तबकडी न फिरता केवळ बारीक गुणगुण ऐकू येते. हेड अथवा मोटर निकामी झाल्याची ही लक्षणे आहेत. अशी डिस्क तत्काळ बंद करावी. ती चालू ठेवल्यास हेड तबकडीवर घासून चुंबकीय थरच खरवडला जातो. मग तज्ज्ञही काही करू शकत नाहीत.

डिस्क स्वतःच्या प्रकृतीच्या ‘स्मार्ट’ नोंदी ठेवते. बदललेले सेक्टर आणि निर्णय प्रलंबित असलेले सेक्टर यांचे आकडे वाढू लागणे हा स्पष्ट इशारा होय. गूगलच्या संशोधकांनी २००७ साली आपल्या केंद्रांतील हार्ड डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. पृष्ठभाग तपासणीत पहिली चूक आढळलेल्या डिस्क पुढील ६० दिवसांत निकामी होण्याची शक्यता निर्दोष डिस्कच्या तुलनेत ३९ पट असल्याचे त्यात दिसून आले. मात्र निकामी झालेल्या डिस्कपैकी निम्म्याहून अधिक डिस्कमध्ये चार प्रमुख नोंदींपैकी एकीतही आधी इशारा मिळाला नव्हता. इशारा मिळाल्यास तो गंभीर मानावा. इशारा नाही म्हणून निश्चिंत राहू नये.

पुनर्प्राप्तीचा क्रम

बिघडणाऱ्या डिस्कच्या बाबतीत ‘आधी दुरुस्ती, मग नक्कल’ हा क्रम चुकीचा आहे. डिस्कचे उरलेले आयुष्य मर्यादित असते आणि प्रत्येक वाचनात ते खर्च होते. म्हणून ते आयुष्य फक्त एका कामासाठी, संपूर्ण प्रत घेण्यासाठी, वापरावे. विंडोजमधील चेकडिस्क आज्ञा मूळ डिस्कवर चालवू नये. ती फाईल प्रणाली सुसंगत करण्यासाठी डिस्कवर लेखन करते. त्या प्रयत्नात अर्धवट नोंदी काढून टाकल्या जाऊ शकतात.

यांत्रिक बिघाडाची लक्षणे नसतील, तर पुढील क्रम अनुसरावा :

१) डिस्कवर काहीही लिहू नये, पुनर्प्राप्तीचे सॉफ्टवेअरही तिच्यावर स्थापित करू नये.

२) डिस्क अजून उघडत असेल आणि प्रबंधासारखे एखादेच लहान फोल्डर अमूल्य असेल, तर तेवढेच आधी दुसरीकडे घ्यावे. सर्व फोल्डर उघडून पाहत बसू नये.

३) तितक्याच वा अधिक क्षमतेची नवी डिस्क घेऊन तिच्यावर सेक्टरनिहाय प्रतिमाप्रत घ्यावी. यासाठी ‘जीएनयू डीडीरेस्क्यू’ हे मुक्त सॉफ्टवेअर उपयुक्त आहे. नेहमीची नक्कल एका खराब सेक्टरपाशी अडून राहते आणि हेड त्याच जागी पुनःपुन्हा प्रयत्न करीत राहतात. डीडीरेस्क्यू प्रथम चांगला भाग वाचून घेते, खराब भाग ओलांडून पुढे जाते आणि शेवटी त्याच्याकडे परत येते. कोठवर वाचन झाले याची नोंद ते वेगळ्या फाईलमध्ये ठेवते. त्यामुळे वीज गेली तरी काम तेथून पुढे सुरू करता येते. आज्ञा देताना मूळ व लक्ष्य डिस्क यांची अदलाबदल झाल्यास मूळ माहितीच पुसली जाईल, म्हणून क्षमता व अनुक्रमांक दोनदा ताडून पाहावेत.

४) सेकंदाला १०० मेगाबाइट वेगाने एक टेराबाइटची निरोगी डिस्क पूर्ण वाचण्यास सुमारे पावणेतीन तास लागतात, आजारी डिस्कला काही दिवसही लागू शकतात. या काळात ती सपाट पृष्ठभागावर, पंख्याच्या वाऱ्यात, धक्का न लावता ठेवावी.

५) मूळ डिस्क बाजूला ठेवून पुढील सर्व प्रयोग प्रतिमाप्रतीवर, शक्य तर तिच्या दुसऱ्या प्रतीवर करावेत. ‘टेस्टडिस्क’ हे सॉफ्टवेअर हरवलेले विभाग शोधते. ‘फोटोरेक’ हे फाईलच्या अंतर्गत खुणांवरून छायाचित्रे व दस्तऐवज ओळखते. दुसऱ्या पद्धतीत फाईलची नावे व फोल्डरची रचना मिळत नाही, ही मर्यादा लक्षात घ्यावी.

६) मिळालेल्या फाईल प्रत्यक्ष उघडून तपासाव्यात. नाव दिसणे म्हणजे मजकूर मिळणे नव्हे.

डिस्क शीतपेटीत ठेवणे अथवा हलकेच आपटणे असे उपाय सांगितले जातात. थंड डिस्क बाहेर काढताच आत दव साचते. आपटल्याने हेड तबकडीवर आदळतात. हे उपाय वर्ज्य मानावेत.

पूर आणि हार्ड डिस्क

कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट व धोका पातळी ४३ फूट आहे. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ या दोन्ही पुरांत पाणी ५५ फुटांच्या वर गेले. शाहूपुरी, नागाळा पार्क, दुधाळी अशा भागांत घरे व दुकाने पाण्याखाली गेली. पुणे-बेंगळुरू महामार्गही बंद पडला.

पाण्यात बुडालेली डिस्क सुकली म्हणून चालू करून पाहणे ही सर्वांत मोठी चूक होय. गाळाचे सूक्ष्म कण तबकडीवर चिकटतात आणि वीज देताच हेड त्यांवर आदळतात. अशी डिस्क उन्हात वा तांदळात ठेवू नये. ती ओलसर स्थितीतच हवाबंद पिशवीत घालून स्वच्छ कक्ष असलेल्या तज्ज्ञ प्रयोगशाळेकडे पाठवावी, म्हणजे गाळ वाळून घट्ट बसत नाही.

अशा स्थितीतही आशा सोडण्याचे कारण नाही. १ फेब्रुवारी २००३ रोजी कोलंबिया अवकाशयान कोसळले. कल्पना चावला यांच्यासह सातही अंतराळवीरांचा अंत झाला. अवशेषांत सुमारे ४०० मेगाबाइट क्षमतेची एक जळालेली हार्ड डिस्क सापडली. क्रोल ऑनट्रॅक या संस्थेतील तज्ज्ञांनी तबकड्या स्वच्छ करून दुसऱ्या डिस्कमध्ये बसविल्या आणि सुमारे ९९ टक्के माहिती मिळविली. झेनॉन वायूवरील त्या प्रयोगाचे निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले. तबकडीवरील माहितीचा भाग शाबूत होता आणि तज्ज्ञांच्या हाती येण्यापूर्वी कोणी त्यावर प्रयोग केले नव्हते, हे या यशामागील एक महत्त्वाचे कारण होय. आकाशातून पडलेली डिस्क वाचू शकते. टेबलावर रात्रभर ‘टक् टक्’ करीत ठेवलेली डिस्क मात्र वाचेलच असे नाही.

निष्कर्ष

१) बिघाडाची शंका येताच लेखन थांबवावे, यांत्रिक आवाज येत असल्यास वीजही बंद करावी.

२) प्रथम प्रतिमाप्रत, नंतर पुनर्प्राप्ती, मूळ डिस्कची दुरुस्ती हा हेतूच नसावा.

३) महत्त्वाच्या माहितीच्या तीन प्रती, दोन भिन्न माध्यमांवर, त्यांपैकी एक अन्य ठिकाणी, हा नियम विभागस्तरावर अंगीकारावा. कोल्हापुरात ‘अन्य ठिकाण’ म्हणजे शेजारची खोली नव्हे. ते पूररेषेबाहेर, शक्यतो दुसऱ्या शहरात वा क्लाउडवर असावे.

४) प्रत्येक सत्राच्या अखेरीस बॅकअपमधील काही फाईल उघडून पाहाव्यात. न तपासलेला बॅकअप हा केवळ समज असतो.

नवी डिस्क बाजारात केव्हाही मिळते. परंतु मुलाखत देणारी वृद्ध व्यक्ती आज हयात नसेल, तर तिचा आवाज पुन्हा ध्वनिमुद्रित करता येत नाही. संशोधकाने माहिती जमविताना जी निष्ठा दाखविली, तीच ती जतन करतानाही दाखविणे आवश्यक आहे.