घरच्या गॅरेजमधील मोटार

इंग्लंडमध्ये एके काळी तयार मोटारीवर खरेदीकर भरावा लागे. सुट्या भागांवर तो नव्हता. कॉलिन चॅपमन यांच्या लोटस कंपनीने १९५७ साली 'सेव्हन' ही दोन आसनांची मोटार आणली, तेव्हा करासह तिची किंमत १,०३६ पौंड होती. सुट्या भागांच्या रूपात तीच ५३६ पौंडांत मिळे. सवलतीला अट एवढीच, की भागांसोबत जोडणीच्या सूचना द्यायच्या नाहीत. मग कंपनीने मोटार 'उकलण्याच्या' सूचना दिल्या आणि ग्राहकांनी त्या शेवटाकडून वाचल्या, असे सांगतात. व्यापाऱ्याला ही युक्ती समजावून सांगावी लागत नाही!

एप्रिल १९७३ मध्ये व्हॅट आला, खरेदीकर गेला आणि बचतही संपली. त्याच वर्षी या मोटारीचे हक्क केटरहॅम कंपनीकडे गेले. ती आजही सुट्या भागांत विकली जाते आणि हौशी कुटुंबे ती घरच्या गॅरेजमध्ये जोडतात.

सुटे भाग आणून मोटार जुळवणे आपल्या समाजाला अपरिचित नाही. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्याचा आरंभ असाच झाला. घरातील जोडणीचा हिशेब मात्र निराळा. भागांची किंमत म्हणजे एकूण खर्च नव्हे. हत्यारे, विमा, नोंदणी आणि सरकारी तपासणीचे शुल्क त्यात धरावे लागते. अर्धवट जोडलेल्या मोटारी विक्रीस येतात, त्यामागे कौशल्याच्या उणिवेपेक्षा संपलेली रोकड किंवा संपलेली सवड अधिक असते. तपासणीही कडक असते. ब्रेक, दिवे, धूर यांबरोबर बाहेर आलेली धारदार कडासुद्धा पाहिली जाते. म्हणून पहिल्या दिवसापासून तपासनिसाच्या नजरेने जोडणी करावी लागते. भारतात मोटारीच्या नमुन्याला आधी मान्यता घ्यावी लागत असल्याने एकट्या हौशी माणसाला ही वाट जवळजवळ बंदच आहे.

पेट्या आल्या की पहिले काम पान्याचे नसून यादीचे. घाऊक व्यापारी बीजकाशी माल पडताळतो, तसा प्रत्येक नटबोल्ट मोजायचा आणि उणा भाग त्याच दिवशी कळवायचा. पुढे सांगाड्याला निलंबनाचे दांडे, मग साखळीच्या यारीने इंजिन व गिअरपेटी. येथे दोन माणसे हवीतच. ठरावीक जोराने आवळलेल्या प्रत्येक नटावर रंगाचा ठिपका द्यायचा, वहीतल्या रकमेपुढे खूण करावी तसा. आसने कापडी की चामड्याची, हे ग्राहक स्वतः निवडतो. जैन घराला ही मुभा मोलाची वाटावी.

इंजिन प्रथम सुरू करताना घाई चालत नाही. ठिणगी बंद ठेवून ते नुसते फिरवतात, म्हणजे तेल सर्वत्र पोचते. घरातील सारे दाराशी उभे असतात. तेलाच्या दाबाचा काटा वर सरकतो आणि मगच ठिणगीच्या तारा जोडल्या जातात.