‘हरकती व सूचना’ : आनेकलच्या निमित्ताने नियोजनातील लोकसहभागाचा विचार

विकास आराखडा हा प्रशासकीय दस्तऐवज असला, तरी त्याला संहितेचे सर्व गुणधर्म असतात. म्हणूनच त्याचा वाचक कोण, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. १९९२च्या ७४व्या घटनादुरुस्तीने प्रभाग समित्यांची तरतूद केली; मात्र ती ३ लाख वा त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांनाच बंधनकारक आहे. बंगळूर नागरी जिल्ह्यातील आनेकल नगराची लोकसंख्या २०११च्या जनगणनेत सुमारे ४४ हजार होती. अशा नगरातील रहिवाशांसाठी १९६१च्या कर्नाटक नगर व ग्राम नियोजन कायद्यातील मार्ग महत्त्वाचा ठरतो : आराखडा तात्पुरता प्रसिद्ध झाल्यावर त्यावर मत नोंदविणे.

या मतास मराठीत ‘हरकती व सूचना’, तर कन्नडात ‘आक्षेपणे’ व ‘सलहे’ म्हणतात. अरबीत हालचालीचा वाचक असलेला ‘हरकत’ हा शब्द मराठीत विरोधाचा निदर्शक झाला. ‘सूचना’ शासनही देते आणि नागरिकही करतो. दोन्ही भाषांतील या संज्ञा संहिता आधीच सिद्ध झाली आहे असे गृहीत धरतात. नागरिक तिचा भाष्यकार ठरतो, कर्ता नव्हे. पुण्यात २००६पासून अंदाजपत्रकापूर्वीच नागरिकांकडून कामे सुचवून घेण्याचा उपक्रम सुरू झाला, तो या क्रमाला छेद देणारा होता.

तमिळनाडूच्या सीमेलगतच्या आनेकल तालुक्यात कन्नडाबरोबरच तेलुगू व तमिळही बोलल्या जातात. आपल्या शेतातून रस्ता जाणार, हे शेतकऱ्याला नकाशावरील रंग व सर्वेक्षण क्रमांक यांतून उमगले नाही, तर हरकतीची मुदत निष्फळ सरते. आराखड्याचे बोलीभाषेतील विवरण ही म्हणूनच सहभागाची पूर्वअट मानली पाहिजे.