हळू फिरणारा हात

गेल्या वेळी आपण वेदनेबद्दल बोललो होतो. तेव्हा शेवटी एका आजींनी विचारलं होतं, "दुखण्याच्या नसा सांगितल्यात, मग बरं वाटण्याच्याही नसा असतात का?" आम्ही तेव्हा एवढंच म्हटलं होतं, की हो, असतात, पुढच्या वेळी सांगू. तर आज तेच.

सुरुवात घरातूनच करू. आमची आई गेली, त्यानंतर अण्णा कराडच्या घरी एकटे राहायचे. प्रकृती ठणठणीत, जेवणाचा डबा वेळेवर, आम्ही भावंडं आलटून पालटून शनिवार-रविवार जायचो. एक गोष्ट मात्र आम्हाला विनोदी वाटायची. अण्णा दर आठवड्याला सलूनमध्ये जायचे. डोक्यावर केस किती, तर कानामागे एक पट्टी! आम्ही चेष्टा करायचो, "अण्णा, तो पैसे केसांचे घेतो की शोधण्याचे?" तेही हसायचे. पुढे एकदा आम्ही त्यांना आणायला गेलो, तर खुर्चीत डोळे मिटून बसलेले आणि तो मुलगा डोक्याला तेल लावून सावकाश बोटं फिरवत होता. केस कापून कधीच झाले होते. तेव्हा आमच्या डोक्यात प्रकाश पडला. आई गेल्यापासून या माणसाला कुणी हातच लावला नव्हता. आम्ही जायचो, सामान ठेवायचो, औषधं मोजायचो, बोलायचो. पण हात? नाही. आणि हे कुणाला सांगतोय आम्ही, तर वीस वर्षं शरीरक्रियाशास्त्र शिकवणारे आम्ही!

असो. आता नसांकडे येऊ.

स्पर्श म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर एकच तार येते: इकडे टोचलं, तिकडे मेंदूला कळलं. तशी तार आहेच. ती जाड असते, तिच्यावर चरबीचं वेष्टन असतं, आणि संदेश सेकंदाला ५० मीटरच्या आसपास धावतो. खिशात हात घालून न बघता रुपयाचं आणि पाचाचं नाणं ओळखता, ते तिच्या जोरावर. काय लागलं, कुठे लागलं, किती जोरात लागलं, ही तिची कामं.

पण कातडीत आणखी एक तार आहे. बारीक, वेष्टन नसलेली, आणि अतिशय संथ. तिच्यातला संदेश सेकंदाला साधारण एक मीटर जातो. म्हणजे पायाच्या नडगीवर हात फिरवला तर पाठीच्या कण्यापर्यंत खबर पोचायला जवळजवळ एक सेकंद! एवढ्या वेळात जाड तारेने केव्हाच काम उरकलेलं असतं. इंग्वे झॉटरमन या स्वीडिश शास्त्रज्ञाने १९३९ साली मांजरात अशा तारा नोंदवल्या. माणसात त्या आहेत हे पटायला मात्र १९८०चं दशक संपत आलं. इतका उशीर का, तर या तारेचा काही उपयोग दिसेना. एवढ्या हळू येणारी खबर करायची काय?

उत्तर मिळालं २००९ साली, गोथेनबर्गच्या संशोधकांकडून. त्यांनी यंत्राला मऊ ब्रश लावला आणि लोकांच्या हातावरून वेगवेगळ्या वेगाने फिरवला. एकीकडे त्या बारीक तारेतले संदेश मोजले, दुसरीकडे लोकांना विचारलं, छान वाटतंय का? ब्रश अगदी हळू फिरला तर तार कमी बोलते. भरभर फिरला तरी कमीच. सेकंदाला १ ते १० सेंटिमीटर या वेगात मात्र ती सगळ्यात जास्त बोलते, आणि माणसंही त्याच वेगाला "छान" म्हणतात. पुढे असंही दिसलं, की ब्रश बर्फासारखा गार असेल किंवा फार गरम असेल तर तिला तेवढं आवडत नाही. कातडीच्या नेहमीच्या तापमानाला, म्हणजे ३२ अंश सेल्सिअसच्या आसपास, ती सगळ्यात जास्त बोलते. थोडक्यात, ही तार कशासाठी बनली आहे? दुसऱ्याच्या उबदार हातासाठी.

करून बघा. मनगटापासून कोपरापर्यंत २५ सेंटिमीटर धरा. तेवढं अंतर हात फिरवायला आठ सेकंद लावायचे. (सभागृहात हशा.) हसताय, पण बघा किती हळू आहे ते! आपल्याला घाईची इतकी सवय झालीये. आणि हो, स्वतःचाच हात स्वतःवर फिरवून तितकी मजा येणार नाही. स्वतःला गुदगुल्या होत नाहीत ना, तसंच. आपला हात कुठे जाणार हे मेंदूला आधीच ठाऊक असतं, म्हणून तो ती खबर दाबून टाकतो.

आता हा वेग आई-वडिलांना कुणी शिकवला? कुणीच नाही. एका प्रयोगात आई-वडिलांना आपल्या बाळाला कुरवाळायला सांगितलं, आणि काहींना आपल्या जोडीदाराला. वेग मोजला, तर तो बरोबर याच पट्ट्यात. मग त्यांच्यापुढे एक कृत्रिम हात ठेवला. त्यावरून त्यांचेच हात भरभर फिरले. जिवंत माणूस समोर आला की हात आपोआप हळू होतो.

आपली भाषा याबाबतीत फार श्रीमंत आहे, आम्हाला नेहमी वाटतं. कुरवाळणं, गोंजारणं, थोपटणं, चेपणं, बिलगणं, कवटाळणं. यातला एक शब्द दुसऱ्याच्या जागी बसत नाही. बाळाला थोपटतात, मांजराला गोंजारतात, आजोबांचे पाय चेपतात. मांजराला चेपून बघा काय होतं ते! यातल्या सगळ्याच क्रिया त्या संथ तारेच्या नाहीत, हेही सांगायला हवं. थोपटण्यात गंमत तालाची असते. चेपण्यात दाब असतो, तो खोलवरच्या ग्राहींना कळतो. बाळाला पायांवर घेऊन रगडून तेल लावतात, त्यातही दाबच जास्त. पण आंघोळीनंतर टॉवेलात गुंडाळून आजी कपाळावरून, पाठीवरून हात फिरवते ना, तो मात्र थेट आपल्या तारेचा.

ही तार तुटली नाही आणि दुसरीच तुटली तर? अशी एक रुग्ण वैद्यकशास्त्राला माहीत आहे. आजारामुळे तिच्या अंगाच्या बहुतेक भागातल्या जाड तारा गेल्या, बारीक शिल्लक राहिल्या. तिला विचारलं तर म्हणायची, स्पर्श कळत नाही. पण हातावरून मऊ ब्रश फिरवला तेव्हा तिला काहीतरी अंधूक, पण सुखाचं जाणवलं. कुठे फिरवला ते नीट सांगता येईना. मेंदूच्या चित्रात स्पर्शाचा नेहमीचा भाग शांत होता, आणि इन्सुला नावाचा, भावनेशी जोडलेला भाग जागा झाला होता. २००२ साली हे प्रसिद्ध झालं. "काय लागलं" आणि "बरं वाटलं" यांचे रस्ते वेगळे आहेत, हे इतक्या स्वच्छपणे त्याआधी दिसलं नव्हतं.

कुणी म्हणेल, बरं वाटतं ना, मग चैन झाली ती. त्यावाचून अडतं का?

अडतं. १९५०च्या दशकात अमेरिकेत हॅरी हार्लो यांनी माकडाच्या पिल्लांना आईपासून तोडून दोन खोट्या आया दिल्या. एक तारेची, दुधाची बाटली असलेली. दुसरी मऊ कापडाची, दूध नसलेली. पिल्लं भूक लागली की तारेच्या आईकडे जायची आणि पोट भरलं की दिवसभर कापडाच्या आईला बिलगून राहायची. हा प्रयोग आम्ही वर्गात शिकवतो, पण प्रत्येक वेळी जड वाटतं. ती पिल्लं पुढे नीट वाढली नाहीत. एवढी साधी गोष्ट कळायला इतका निर्दयपणा लागायला नको होता.

याच्या अगदी उलट गोष्ट कोलंबियातल्या बोगोटा शहराची. १९७८ साल. तिथल्या सरकारी प्रसूतिगृहात कमी वजनाची बाळं खूप आणि काचेच्या पेट्या कमी. डॉ. एडगर रे यांनी ठरवलं, बाळाला आईच्या उघड्या छातीवर उभं बांधायचं, कांगारूसारखं. डॉ. हेक्टर मार्तिनेझ यांनी ते काम पुढे नेलं. गरिबांचा नाइलाज म्हणून सुरू झालेली ही पद्धत आज श्रीमंत देशांतही वापरतात.

पण एक शंका शिल्लक होती. बाळ आधी स्थिर होऊ द्यावं आणि मग छातीवर द्यावं, असा नियम होता. ते थांबणं गरजेचं आहे का? भारत, घाना, मलावी, नायजेरिया आणि टांझानिया या पाच देशांत याची चाचणी झाली. आपल्याकडे ती दिल्लीत झाली. एक किलो ते १.८ किलोच्या आतली ३,२११ बाळं. निम्म्यांना जन्मल्याबरोबर छातीशी दिलं, दिवसातले सुमारे १७ तास. बाकीच्यांना नेहमीच्या पद्धतीने, स्थिर झाल्यावर. २०२१ साली निकाल आला. पहिल्या २८ दिवसांत नेहमीच्या पद्धतीत शंभरातली १५.७ बाळं दगावली, लगेच छातीशी घेतलेल्यांत १२. फरक इतका स्पष्ट होता, की चाचणी मुदतीआधी थांबवली. यात एकट्या स्पर्शाचं श्रेय नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो. ऊब आहे, दूध लवकर मिळतं, जंतुसंसर्ग कमी होतो, आई सतत जवळ असते. पण हे सगळं एकाच जागी मिळतं, ती जागा म्हणजे छाती. आणि ती बापाचीही चालते, बरं का.

जनावरांचं काय? आमच्या सातारा-सांगलीकडे बेंदूर असतो, इतरत्र पोळा. आदल्या संध्याकाळी खांदेमळणी करतात. वर्षभर जू जिथे बसतं त्या खांद्याला गरम पाण्याने शेकायचं, हळद-लोणी चोळायचं. बैल मान खाली घालून उभा राहतो. बैलाला काय वाटतं ते मोजलेलं आम्ही वाचलेलं नाही. घोड्यांचं मोजलंय. मानेच्या बुडाशी, जिथे घोडे एकमेकांना दातांनी खाजवतात, तिथे हाताने तसंच केलं तर त्यांच्या हृदयाचे ठोके मंदावतात. दुसरीकडे कुठे केलं तर तसं होत नाही. म्हणजे जागाही महत्त्वाची.

आणि हात कुणाचा, हे तर सगळ्यात महत्त्वाचं. एका प्रयोगात पुरुषांच्या पायावरून हात फिरवला. कधी त्यांना वाटायचं समोर बाई आहे, कधी वाटायचं पुरुष आहे. प्रत्यक्षात प्रत्येक वेळी हात त्याच बाईचा होता. तरी सुख वेगळं, आणि मेंदूचा प्रतिसादही वेगळा. नको असलेला हात कितीही हळू फिरला तरी नकोच असतो. म्हणून "मावशीला पापा दे, दे ना" म्हणत पोराला पुढे ढकलू नये. ते तोंड फिरवतं, त्याला कारण असतं.

इथे एक गोष्ट बोलल्याशिवाय पुढे जाता येत नाही. स्पर्शात केवढी ताकद आहे हे आपल्या समाजाला पक्कं माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच तो कुणाला नाकारायचा याचे नियम केले. कायद्याने अस्पृश्यता १९५० साली संविधानाच्या १७व्या कलमाने संपली. पण लांबून पाणी ओतणारा हात आणि पैसे वरून टाकणारा हात आम्ही आमच्या लहानपणी पाहिलाय. ज्यांनी तो सोसला, त्यांच्या कातडीतही हीच तार होती.

आता तुमचे प्रश्न घेऊ.

*आमचा कुत्रा मिठी मारली की तोंड बाजूला करतो. त्याला माया कळत नाही का?*

कळते हो. मिठी ही माणसांची रीत आहे. कुत्र्याला गळ्याभोवती हात म्हणजे पकडल्यासारखं वाटू शकतं. त्याच्या शेजारी बसा, छातीवर, कानामागे हळू हात फिरवा आणि थांबा. तो नाकाने हात ढकलून "आणखी" म्हणाला तर पुढे करा. आणि नुसतं बघत बसलात तरी चालेल. जपानमध्ये २०१५ साली दिसलं, की कुत्रा आणि मालक एकमेकांच्या डोळ्यांत बघत राहिले तर दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन वाढतं. माणसांनी वाढवलेल्या लांडग्यांत तसं झालं नाही. फक्त ऑक्सिटोसिनला "प्रेमाचं रसायन" म्हणू नका, त्याची बाकीचीही बरीच कामं आहेत.

*माझे सासरे ऐंशीचे आहेत. मला त्यांना हात लावायला संकोच वाटतो, त्यांनाही वाटेल. काय करावं?*

संकोच खराच आहे. आपल्या घरांत थोरांना हात लावायची एकच मान्य जागा उरलीये, वाकून नमस्कार. तेव्हा ते पाठीवर हात ठेवतात, तेवढाच त्यांचा वाटा. म्हणून "राहू दे, राहू दे" म्हणाले तरी नमस्कार टाळू नका. दुसरं, कामाचं निमित्त काढा. पायाची नखं या वयात स्वतःला कापता येत नाहीत, वाकवत नाही. तुम्हाला अवघड वाटत असेल तर तुमच्या यजमानांना सांगा, किंवा नातवंडांना. आधी विचारायचं, हात गार असतील तर चोळून घ्यायचे, आणि घाई करायची नाही.

अण्णांचं आम्ही असंच केलं. पहिल्या शनिवारी पायाला तेल लावायला बसलो, तर त्यांनी पाय आखडून घेतले. "कशाला, मी काय आजारी आहे?" म्हणाले. दुसऱ्या खेपेला पेपर तोंडासमोर धरून बसले, पण पाय काढले नाहीत. तिसऱ्या शनिवारी आम्ही पोचलो, तेव्हा खुर्चीशेजारी जुना पंचा अंथरलेला होता आणि तेलाची वाटी कोमट पाण्यात ठेवलेली होती.