कंदील आणि दुसरी तार

आमच्या लहानपणी देवगाव रंगारीच्या घरात वीज होती, तरी अम्मी रोज संध्याकाळी कंदिलाची काच राखेने पुसून ठेवायची. दिवे लख्ख पेटलेले असताना हा उद्योग कशाला, असे मला वाटे. त्याचे उत्तर फार उशिरा, ऑक्टोबर २०२० मध्ये मिळाले.

त्या महिन्यात करोनामुळे पदवीच्या अंतिम वर्षाच्या परीक्षा ऑनलाइन चालल्या होत्या. पेपर द्यायला माझी भाची आमच्याकडे आली होती. घरात केबलवाल्याचे इंटरनेट होते आणि जोडीला टेलिफोनच्या जुन्या तारेवरचे, म्हणजे डीएसएलचे. त्याचा वेग कमी, म्हणून ते बंद करून महिन्याचे पैसे वाचवावेत, असे घरात सगळ्यांचे मत पडत होते. अर्धा पेपर झाला आणि वीज गेली. इन्व्हर्टर असल्याने कॉम्प्युटर चालूच राहिला. पण भाची ओरडली, "मामू, नेट गेलं!"

मी केबलची वायर काढून टेलिफोनचा मोडेम जोडला. जोडणी बदलली की इंटरनेटवरचा आपला पत्ताही बदलतो, म्हणून तिला पुन्हा लॉग-इन करावे लागले. चार-पाच मिनिटे गेली, जीव टांगणीला लागला. पण पेपर पुरा झाला.

श्रोतेहो, एक तार मेली आणि दुसरी जिवंत राहिली, हे कसे? केबलचे इंटरनेट खांबांवरच्या, गच्च्यांवरच्या पेट्यांमधून घरी येते. त्या पेट्यांना वीज लागते. घरात इन्व्हर्टर असून काय उपयोग, गल्लीतली पेटीच बंद पडली तर? टेलिफोनची तांब्याची जोडतार बहुधा थेट एक्सचेंजमधून येते. तिथे ४८ व्होल्टच्या बॅटऱ्या असतात. म्हणून तर अंधारातही जुना फोन खणखणायचा. डीएसएल त्याच तारेवर चालते. आपला आवाज चार हजार हर्ट्झच्या आत मावतो. इंटरनेटची माहिती पंचवीस हजार हर्ट्झच्या वरून धावते. फोनजवळची लहानशी डबी, म्हणजे स्प्लिटर, दोघांना वेगळे करते. बीएसएनएलने जानेवारी २००५ मध्ये असे ब्रॉडबँड आणले, तेव्हा वेग होता सेकंदाला २५६ किलोबिट. शिवाय एक्सचेंजपासून घर चार-पाच किलोमीटर लांब गेले, की तार दमते. पण अडीनडीला वेगापेक्षा जोडणी असणे मोठे.

मात्र दुसरी तार घेतली म्हणजे काळजी मिटली, असे नाही. दोन्ही तारा एकाच खांबावरून आल्या, तर खांब पडताच दोन्ही जातात. मोठमोठ्यांनाही हे चुकलेले नाही. ३० जानेवारी २००८ रोजी इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाजवळ समुद्राखालच्या दोन केबल तुटल्या आणि इकडे भारतात इंटरनेट रखडले. केबल दोन होत्या, कंपन्या वेगळ्या होत्या. वाट मात्र जवळजवळ एकच होती.

आता तांब्याच्या तारांची जागा फायबर घेत आहे. आमचीही ती जुनी तार गेली. जोडीला मोबाइलचे इंटरनेट आले. ज्यांच्याकडे तांब्याची तार अजून चांगली चालते, त्यांनी ती काढण्याआधी विचार करावा. दुसरी जोडणी कोणतीही घ्या, तीन गोष्टी विचारून घ्या. ती पहिलीच्याच खांबावरून, त्याच खड्ड्यातून येते का? वीज गेल्यावर ती किती वेळ चालते? आणि घरातला मोडेम किंवा राउटर इन्व्हर्टरवर आहे का? दोन जोडण्या घेऊन आपोआप बदल करणारे राउटरही मिळतात. पण हाताने वायर बदलता आली तरी साध्या घराचे भागते. दुसऱ्या जोडणीसाठी स्वस्तातली योजना पुरते.

कंदिलाचा उपयोग एवढ्याचसाठी, की त्याला वीज लागत नाही. आणि तोही ऐन वेळी तेलाविना निघाला, तर काय कामाचा? म्हणून महिन्यातून एकदा मी मुद्दाम केबलची वायर काढतो आणि तासभर दुसऱ्या जोडणीवर काम करतो. घरातले हसतात. मी त्यांना सांगतो, काच पुसतोय.