चांदा : देवीच्या पलीकडचे शहर

चैत्र महिना लागला, की परभणी जिल्ह्यातील चुडाव्यासारख्या गावातून आणि नांदेडकडील खेड्यापाड्यांतून यात्रेकरू चांद्याच्या वाटेला लागतात. नवस फेडावयाचा असतो. लेकराचे जावळ काढावयाचे असते. वर्षभराची ओढ असते ती वेगळीच. झरपट नदीत स्नान, महाकालीचे दर्शन, ओटी, नैवेद्य, एक रात्र उघड्यावर मुक्काम आणि परतीचा प्रवास, असा हा ठरलेला क्रम आहे. ज्या शहराच्या वेशीवर देवी बसली आहे, त्या शहराच्या आत मात्र यात्रेकरूचे पाऊल क्वचितच पडते. मुंबई-पुण्याकडचा प्रवासी येतो तो ताडोब्याच्या वाघासाठी. तोही शहराला वळसा घालून अरण्यात शिरतो. कोळशाच्या धुळीचे, उन्हाने भाजलेले गाव, ह्यापलीकडे चांद्याची, म्हणजेच आजच्या चंद्रपूरची, ओळख बहुतेकांना नसते. ही ओळख फारच अपुरी आहे.

इरई आणि झरपट ह्या दोन नद्यांच्या संगमाजवळ हे शहर वसले आहे. त्याच्या स्थापनेची कथा आजही घरोघर सांगितली जाते. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात गोंड राजा खांडक्या बल्लाळशाह हा वर्धा नदीच्या काठी बल्लारपूर येथे राज्य करीत होता. त्याच्या अंगावर गाठी उठल्या होत्या आणि कोणत्याही औषधाने त्या जात नव्हत्या. एके दिवशी शिकारीच्या नादात तो झरपटेच्या कोरड्या पात्रात आला. तेथे खडकातील खळग्यात थोडे पाणी झिरपत होते. ते तो प्याला आणि त्याने हातपाय धुतले. त्या रात्री त्याला गाढ झोप लागली आणि सकाळी पाहतात तो पाणी लागलेल्या भागावरील गाठी नाहीशा झालेल्या! राणीने ती जागा शोधावयास लावली, तेव्हा खडकात गाईच्या पावलांसारखे पाच ठसे पाण्याने भरलेले आढळले. तेच अचलेश्वराचे स्थान होय. पुढे त्याच परिसरात राजाने एक नवल पाहिले. कपाळावर पांढरा ठिपका असलेला एक ससा राजाच्या कुत्र्याच्या मागे लागला होता. जेथे ससा कुत्र्याला पळवितो ती भूमी वीरांची, असे राणीने ठरविले आणि ज्या वाटेने ससा धावला त्या वाटेवर तट बांधून शहर वसविण्यास सांगितले. कथा ती कथाच. परंतु तटाची वेडीवाकडी वळणे पाहिली म्हणजे ती रचणाऱ्याच्या कल्पकतेचे कौतुक वाटल्यावाचून राहत नाही.

हा तट हेच चांद्याचे पहिले प्रेक्षणीय स्थळ. त्याचा घेर सुमारे ११ किलोमीटर असून तो पुरा होण्यास अनेक राजांच्या कारकिर्दी खर्ची पडल्या. त्याला चार दरवाजे आहेत : उत्तरेस जटपुरा, पूर्वेस अचलेश्वर, दक्षिणेस पठाणपुरा आणि पश्चिमेस बिनबा. दरवाजांखेरीज पाच लहान वाटा असून त्यांना खिडक्या म्हणतात. हनुमान, विठोबा, बगड, मसण आणि चोर ही त्यांची नावे होत. एकेका नावात जुन्या शहराचा एकेक व्यवहार साठविलेला आहे; मसण खिडकीतून काय बाहेर जात असे, हे सांगावयास नको. दरवाजांवर हत्तीला पायाखाली घालणाऱ्या सिंहाची आकृती कोरलेली दिसते. ते गोंड राजांचे चिन्ह होय. महाराष्ट्रातील बहुतेक किल्ले डोंगरावर उभे आहेत आणि त्यांत आज वस्ती नाही. येथे उलट प्रकार आहे. तटाच्या आत बाजार भरतो, शाळा सुटतात, दरवाजातून वाहने जातात.

महाकालीच्या यात्रेकरूला दुसरे स्थळ पाहण्यास वाकडी वाटही करावी लागत नाही. अचलेश्वर दरवाजापाशीच गोंड राजांच्या समाधी आहेत. त्यांत सर्वांत भव्य आहे ती बीरशाह राजाची. ती त्याची विधवा राणी हिराई हिने बांधविली. अठराव्या शतकाच्या आरंभी पतीचा घात झाला, पुत्र नव्हता. तेव्हा रामशाह ह्यास दत्तक घेऊन ह्या बाईने राज्याचा गाडा स्वतः चालविला. महाकालीचे आजचे मंदिरही तिच्याच नावाशी जोडलेले आहे. जी माउली चुडाव्याहून नवस फेडावयास जाते, तिने देवीपुढे हात जोडल्यावर हिराईच्या ह्या कामासमोरही क्षणभर उभे राहावे, इतका तिचा अधिकार खास आहे.

तिसरे स्थळ लालपेठेकडील होय. रायप्पा नावाच्या एका वैश्याने एक विशाल शिवमंदिर बांधावयाचे योजिले आणि त्यासाठी अखंड शिळांच्या प्रचंड मूर्ती घडविल्या. मंदिर झालेच नाही. मूर्ती मात्र उघड्या माळावर तशाच राहिल्या. सर्वांत मोठी मूर्ती दशमुखी दुर्गेची असून ती वीस फुटांहून अधिक लांब आहे. दहा तोंडे पाहून लोकांनी तिचे नाव रावण ठेविले!

चौथे स्थळ पाहण्यासारखे कमी आणि आठवण्यासारखे अधिक आहे. १८५८ साली मोलमपल्लीचे तरुण जमीनदार बाबुराव शेडमाके ह्यांनी ब्रिटिशांविरुद्ध बंड पुकारले. २१ ऑक्टोबर १८५८ रोजी त्यांना चांद्याच्या तुरुंगाच्या आवारात फाशी देण्यात आले. तेथील पिंपळ हेच त्यांचे स्मारक होय.

आता ह्या भूमीच्या पोटाकडे वळू. चांद्याचा मुलूख खाणींचा खरा. पण त्याचे पहिले धन कोळसा नव्हे, तर हिरे हे होते. अकबराच्या काळच्या ऐन-ए-अकबरीत वैरागड येथील हिऱ्यांच्या खाणीचा उल्लेख असून ते ठिकाण बाबजी नावाच्या गोंड राजाच्या ताब्यात असल्याचे सांगितले आहे. आज वैरागड गडचिरोली जिल्ह्यात आहे. खाणी केव्हाच थांबल्या. खंदकाने वेढलेला किल्ला आणि भंडारेश्वराचे मंदिर तेवढे उरले आहे.

कोळशाची गोष्ट अलीकडची, आणि तितकीच जुनीही. सुमारे पंचवीस ते तीस कोटी वर्षांपूर्वी येथे दलदलीची अरण्ये होती. ती गाळाखाली गाडली गेली आणि दाबाने व उष्णतेने त्यांचा कोळसा बनला. ह्या थरांना भूगर्भशास्त्रात गोंडवन ही संज्ञा आहे आणि ती ह्याच गोंडांच्या देशावरून घेतलेली आहे. दक्षिण गोलार्धातील जे खंड एकेकाळी एकत्र होते, त्या महाखंडासही पुढे हेच नाव मिळाले. चांद्याच्या गोंडांचे राज्य १७५१ मध्ये नागपूरकर भोसल्यांकडे गेले. त्यांचे नाव मात्र अशा रीतीने जगभरच्या ग्रंथांत राहिले.

ह्या भागातील सरकारी कोळशाची पहिली मोठी खाण वरोऱ्यास १८७१ च्या सुमारास सुरू झाली. तिच्यासाठी वर्ध्याहून रेल्वेचा फाटा आला आणि लहानसे वरोरे गजबजून गेले. पस्तीस वर्षे हा उद्योग चालला. १९०६ मध्ये खाण बंद झाली आणि कोळशाचे लक्ष बल्लारपूरकडे वळले. वरोऱ्याचे पुढे काय झाले? १९४९ साली बाबा आमटे ह्यांनी महारोगी सेवा समिती स्थापिली आणि गावाजवळच्या खडकाळ माळावर आनंदवन उभे राहिले. जगाने टाकून दिलेल्या माणसांनी त्या भूमीवर शेती पिकविली. खाणीने दिलेले नाव पस्तीस वर्षे टिकले; माणसांनी दिलेले नाव त्याहून कितीतरी अधिक टिकले आहे.

चंद्रपूरच्या भोवती कोळसा आजही निघतो. एका खाणीस तर महाकालीचेच नाव आहे. परंतु कोणतीही खाण अक्षय नसते. युरोपातील बोहेमिया प्रांतात कुटना होरा नावाचे गाव आहे. तेथील चांदीच्या बळावर १३०० पासून प्रागचे प्रसिद्ध नाणे पाडले गेले. खाणवाल्यांनी आपली संरक्षक देवता संत बार्बरा हिचे भव्य मंदिर उभारिले. चांदी संपली, वैभव ओसरले. पण गावाने मंदिर, टांकसाळ आणि जुने भुयार जपले. आज प्रवासी खाणकऱ्याचा पांढरा अंगरखा घालून त्या भुयारात उतरतात. १९९५ मध्ये त्या गावास जागतिक वारशाचा मान मिळाला. चांद्यालाही देवी आहे, तट आहे, राजांच्या समाधी आहेत आणि खाणीही आहेत. उणीव आहे ती पाहणाऱ्या डोळ्यांची व राखणाऱ्या हातांची.

ते हातही अगदीच नाहीत असे नव्हे. तटावर झुडपे माजली होती, बुरुजांत कचरा साचला होता. २०१७ मध्ये इको-प्रो ह्या स्थानिक संस्थेच्या तरुणांनी कुदळ-फावडे घेऊन तट साफ करण्यास आरंभ केला. बुरूज मोकळे झाले, तटावरून चालता येऊ लागले. पण चार तरुणांनी साफ केलेली वाट चार हजार पावलांनी वापरली, तरच ती मोकळी राहते.

चुडाव्याच्या प्रवाशाने पूर्णा अथवा नांदेड गाठावे. तेथून मुदखेड, किनवट, आदिलाबाद ह्या मार्गाने लोहमार्ग पैनगंगा ओलांडून वणी-माजरीकडे जातो आणि पुढे चंद्रपूर लागते. यात्रा चैत्रात असते, तेव्हा ऊन अत्यंत कडक असते. म्हणून त्या वेळी दर्शनानंतर समाधी आणि अचलेश्वर एवढे सकाळीच पाहून घ्यावे. सर्व शहर पाहावयाचे असल्यास कार्तिक ते माघ हा काळ उत्तम. एक दिवस तट व लालपेठेच्या मूर्तींसाठी ठेवावा; दुसरा बल्लारपूरचा नदीकाठचा किल्ला आणि भद्रावतीची विजासन लेणी ह्यांसाठी. ह्या बौद्ध लेण्यांत डोंगराच्या आत खोलवर गेलेली दालने आहेत. त्याच गावी पार्श्वनाथाचे जैन मंदिर आणि भद्रनागाचे देऊळही आहे.

महाकालीचा यात्रेकरू घरी परतताना प्रसाद आणि कुंकू आणतो. त्याबरोबर मुलांना सांगण्यासाठी सशाची गोष्ट, हिराईचे नाव आणि तटावरून दिसलेले एक शहर त्याने आणले, तर यात्रेचे पुण्य उणे होणार नाही; आणि चांद्याचेही काही कल्याणच होईल.