नळाची दुरुस्ती : मालकाची की भाडेकरूची?

भाड्याच्या घरात मालक आणि भाडेकरू यांचे वाजते ते बहुधा दोन गोष्टींवरून : भाडे आणि पाणी. भाड्याचा आकडा निदान पावतीवर लिहिलेला असतो. पाण्याचे तसे नाही. तोटी गळू लागली, मोरी तुंबली किंवा खालच्या बिऱ्हाडाच्या छताला ओल आली, की मालक म्हणतो, ‘वापरता तुम्ही, तेव्हा दुरुस्त तुम्हीच करा’. आणि भाडेकरू म्हणतो, ‘घर तुमचे, तेव्हा खर्च तुमचा’. दोघांच्याही बोलण्यात थोडे तथ्य असते, आणि म्हणूनच हा वाद मिटत नाही. तो कसा मिटवावा, याचा आपण थोडा विचार करू.

प्रथम पाण्याची वाट पाहू. रस्त्यातल्या सरकारी नळातून पाणी इमारतीच्या तळटाकीत येते, पंपाने गच्चीवरच्या टाकीत चढते, उभ्या नळाने खाली उतरते आणि भिंतीत गाडलेल्या आडव्या नळांतून आपल्या तोटीपर्यंत पोचते. वापरलेले पाणी मोरीच्या जाळीतून नहाणी ट्रॅपमध्ये, तेथून बाहेरच्या उभ्या नळात आणि शेवटी गटारात जाते. या वाटेवर बिघाड कोठेही होऊ शकतो. पण त्याची कारणे मुख्यतः दोनच. एक, वस्तूचे वय. दुसरे, माणसाचा वापर. जस्त चढवलेला लोखंडी नळ वर्षानुवर्षे पाण्यात राहून आतून गंजतो, तो भाडेकरूच्या हयगयीने नव्हे. उलट मोरीत खरकटे आणि तेलकट पाणी ओतल्याने ट्रॅप तुंबतो, त्यात मालकाचा दोष नाही. ‘काय बिघडले’ एवढेच न विचारता ‘कशाने बिघडले’ हे विचारले, की निम्मा वाद तेथेच संपतो.

कायद्यानेही साधारण हीच रेघ ओढली आहे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणे भाडेकरूने घर ज्या स्थितीत घेतले त्या स्थितीत राखावयाचे असते. मात्र योग्य वापराने होणारी स्वाभाविक झीज त्यातून वगळली आहे. आपल्याकडे ३१ मार्च २००० पासून अंमलात आलेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम १४ प्रमाणे, उलट करार नसेल तर, घर राहण्याजोगे दुरुस्त ठेवण्याची जबाबदारी मालकाची आहे. केंद्र सरकारने २०२१ साली राज्यांपुढे ठेवलेल्या आदर्श भाडेकरारी कायद्यात तर याची यादीच दिली आहे. नळ बदलणे मालकाकडे. तोटी व तिचा वॉशर बदलणे, मोरीची सफाई, संडासाचे भांडे, बेसिन आणि गीझर यांची दुरुस्ती भाडेकरूकडे. हा कायदा राज्याने स्वीकारल्यावाचून कोणावर बंधनकारक होत नाही. पण करार लिहिताना ही यादी समोर ठेवण्यास कोणाची हरकत नसावी.

मालकाने दुरुस्ती केलीच नाही तर? कलम १४ म्हणते, भाडेकरूने मालकास नोटीस द्यावी, पंधरा दिवस वाट पाहावी, मग स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करावा. एका वर्षात अशी वजावट त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापेक्षा अधिक होता कामा नये. आता हिशेब करून पाहा. जुन्या वाड्यात दरमहा शंभर रुपये भाडे असेल, तर वर्षाला बाराशे आणि वजावट फार तर तीनशे. तीनशे रुपयांत गंजलेला उभा नळ बदलून मिळत नाही. मालकाचीही अडचण खोटी नाही. वर्षाला शेकडा चार ही कायद्याने दिलेली भाडेवाढ धरली, तर शंभराचे पुढील वर्षी एकशेचार होतात. अशा ठिकाणी कायद्याच्या कलमापेक्षा सर्व बिऱ्हाडांनी आणि मालकाने एकत्र बसून वर्गणीने काम उरकणे हाच व्यवहार ठरतो.

येथे एक इशारा दिला पाहिजे. आज शहरांत बहुतेक नवी बिऱ्हाडे ‘लीव्ह अँड लायसन्स’च्या कराराने राहतात. अशा कराराने राहणारा कायद्याच्या दृष्टीने भाडेकरू नसतो; म्हणून कलम १४ ची वजावट आपलीच आहे असे समजून त्याने भाडे कापले, तर तो स्वतःच अडचणीत येतो. त्याचे सारे हक्क कराराच्या कागदात. तो करार लेखी व नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. तेव्हा सही करण्यापूर्वी नळ, मोरी, टाकी आणि गीझर हे चार शब्द करारात आहेत की नाहीत, ते पाहावे. जागा सहकारी सोसायटीत असेल, तर आणखी एक भिडू येतो. बाहेरचे सामाईक नळ, पंप, टाक्या आणि सांडपाण्याची वाहिनी यांची दुरुस्ती आदर्श उपविधींप्रमाणे सोसायटीकडे असते. सभासदाच्या घरातले त्याने पाहावयाचे.

भांडण कितीही वाढले, तरी भाडेकरूचे पाणी योग्य कारणावाचून तोडण्याचा मालकास अधिकार नाही. पाणी ही कलम २९ प्रमाणे अत्यावश्यक सेवा आहे. ती तोडल्यास भाडेकरूला न्यायालयात दाद मागता येते.

मग करावयाचे काय? घर घेताना दोघांनी मिळून प्रत्येक तोटी उघडून पाहावी, भिंतींची ओल पाहावी आणि जे दिसेल ते कागदावर लिहून दोघांनी सह्या कराव्यात. पुढे बिघाड दिसताच भाडेकरूने तो लेखी कळवावा. सेकंदाला एक थेंब गळणाऱ्या तोटीतून दिवसाला ८६,४०० थेंब जातात. चार थेंबांचा एक मिलिलिटर धरला, तर एकवीस लिटरांहून अधिक, म्हणजे एक मोठी बादली. आतली गळती ओळखण्याचाही साधा उपाय आहे : सर्व तोट्या बंद करून, घराला वेगळा मीटर असेल तर त्याचा काटा पाहावा, तो फिरत असला तर पाणी कोठेतरी मुरते आहे. खालच्या घरात ओल असेल, तर मोरीत रंगीत पाणी सोडून पाहावे. रंग खाली उतरला, तर दोष वाहत्या नळाचा नसून मोरीच्या फरशीचा किंवा सांडपाण्याच्या वाटेचा. कारण असे डोळ्यांनी दिसले, की कोणी पैसे द्यावयाचे हे ठरविणे सोपे जाते. कारागिराची पावती मात्र प्रत्येक वेळी जपून ठेवावी. भाडेकरूने ठेवलेला खर्चाचा हिशेब आणि पावत्या हाच कलम १४ खाली पुरावा मानला जातो.

तात्पर्य, झिजलेले मालकाने पाहावे, बिघडवलेले भाडेकरूने पाहावे, आणि दोघांनी बोललेले लिहून ठेवावे. मालक-भाडेकरूंच्या पिढ्या बदलतात. भिंतीतला नळ मात्र तोच असतो, आणि तो वेळेवर पाहिला नाही तर दोघांचेही घर भिजते.