पेन्शनचा नियम कुठे राहतो?

गेली नऊ वर्षं मी न्यू जर्सीत डेटाबेसचं काम करतोय. त्यातला बराचसा वेळ 'स्टोअर्ड प्रोसिजर' नावाच्या प्रकारात जातो. वेबसाइट, अ‍ॅप निदान डोळ्यांना दिसतात. ही दिसत नाही. पण कित्येक बँका, विमा कंपन्या आणि पेन्शन फंडांचे हिशेब तिच्या जिवावर चालतात.

सोपं करून सांगतो. आपल्या सहकारी बँकेत आपण स्लिप भरून खिडकीत देतो. सही तपासणं, शिल्लक पाहणं, नोंद करणं हे पलीकडे ठरलेल्या क्रमानं होतं. तिजोरीत आपण शिरत नाही. स्टोअर्ड प्रोसिजर ही तशीच खिडकी. कामाच्या पायऱ्या एसक्यूएलमध्ये लिहून, नाव देऊन, डेटाबेसमध्येच ठेवायच्या. बाहेरच्या प्रोग्रॅमनं फक्त नाव घ्यायचं आणि खाते क्रमांक, रक्कम वगैरे द्यायचं. मूळ टेबलं त्याला उघडी करून द्यावी लागत नाहीत. शिवाय सगळ्या पायऱ्या एका ट्रान्झॅक्शनमध्ये बांधल्या, की एका खात्यातून पैसे गेले आणि दुसऱ्यात पोचलेच नाहीत, असं होत नाही.

ही कल्पना नवी नाही. सायबेसनं १९८७ मध्ये ती बाजारात आणली, ओरॅकलच्या सातव्या आवृत्तीत ती १९९२ मध्ये आली, तर मायएसक्यूएलमध्ये २००५ मध्ये. म्हणूनच आज आमच्यासमोर वीस-वीस वर्षं जुन्या प्रोसिजर येतात. लिहिणारे केव्हाच निवृत्त झालेले असतात.

गेल्या वर्षी एका पेन्शन फंडाचं काम आमच्याकडे आलं. जुना हिशेब नव्या प्रणालीत हलवायचा होता. मूळ प्रोसिजर बाराशे ओळींची. तिच्या मध्यावर एक विचित्र अट होती, तिचा उल्लेख कुठल्याच कागदपत्रात नव्हता. "जुना कचरा आहे, काढून टाका," असं फंडाच्या लोकांचं मत. आम्ही आधी जुना आणि नवा हिशेब तीन महिन्यांच्या डेटावर शेजारी शेजारी चालवला. एक्केचाळीस खात्यांत फरक आला. नावं उघडून पाहिली, तर सगळे जोडीदार गमावलेले वृद्ध. ज्यांना स्वतःचीही पेन्शन होती, त्यांचा वारसा हक्काचा वाटा कापला जाऊ नये, म्हणून ती अट होती! प्रोसिजर लिहिणाऱ्या बाईंचा नंबर शोधून फोन केला. त्यांनी लगेच सांगितलं, "तो नियम खरा आहे, विश्वस्तांनीच ठरवला होता." अट राहिली. त्या एक्केचाळीस जणांना यातलं काही कळलंही नसेल.

या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्या तिकडच्या भाचे-पुतण्यांसाठी चार गोष्टी सांगतो. प्रत्येक प्रोसिजर गिटमध्ये ठेवा. थेट चालू डेटाबेसवर बदल केला, की फाइल एक सांगते आणि सर्व्हर दुसरंच करतो. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरवर जुनी प्रोसिजर उडवून नवी बनवली, तर तिला दिलेल्या परवानग्याही उडतात. त्यापेक्षा 'क्रिएट ऑर ऑल्टर' वापरा. तिथेच नावाची सुरुवात 'एसपी अंडरस्कोर'नं करू नका, कारण तशी नावं सर्व्हर आधी स्वतःच्या सिस्टिम प्रोसिजरमध्ये शोधतो. आणि प्रोसिजर म्हणजे आपोआप सुरक्षित, असं समजू नका. आत मजकूर जोडून क्वेरी बनवली, तर एसक्यूएल इंजेक्शनला दार उघडंच राहतं.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कॉमेंट. 'इथे काय केलंय' हे कोड वाचून कळतं. 'का केलंय' ते लिहा, कुणाच्या सांगण्यावरून केलं तेही लिहा. त्यासाठी दोनच ओळी लागतात. पण वीस वर्षांनी कुण्या आजींची पेन्शन त्या दोन ओळींवर अवलंबून असू शकते.